शस्त्रक्रियागृहांतील परिचारिका

घरांतील माणसास शस्त्रक्रियेसाठीं आंत नेलें, दार लागलें आणि दारावरील तांबडा दिवा पेटला, म्हणजे बाहेर बांकावर बसलेल्या आप्तेष्टांच्या मनांत एकच नांव घोळत असतें, तें म्हणजे डॉक्टरांचें. “हात फार चांगला आहे हो त्यांचा,” असें एकजण दुसऱ्यास धीर देण्यासाठीं म्हणतो. पुढें रोगी बरा होऊन घरीं आला, कीं पेढ्यांचा पुडा डॉक्टरांकडे जातो. हें योग्यच आहे. परंतु त्या बंद दारामागें डॉक्टरांच्या शेजारीं, तोंडावर पट्टी बांधून, दोन-तीन परिचारिका तितकाच वेळ उभ्या असतात. त्यांचीं नांवें आप्तांस ठाऊक नसतात, आणि रोग्यास त्यांचा धड चेहराही दिसलेला नसतो. त्या आंत नेमकें काय करितात, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस थोडक्यांत सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

आईबापांचा उल्लेख आम्हीं मुद्दाम केला. दरवर्षीं निकाल लागल्यावर कांहीं मुली, आणि अलीकडे कांहीं मुलगेही, परिचर्येचा अभ्यासक्रम घ्यावा काय, असें विचारावयास आमच्याकडे येतात. पाठोपाठ त्यांचे वडील येतात. “सर, मलमपट्टी करावयाची आणि डॉक्टरांच्या हातांत कात्री द्यावयाची, एवढ्यासाठीं मुलीनें तीन-चार वर्षें शिकावयाचें काय?” असा त्यांचा सूर असतो. त्यांत मुलीविषयींची काळजी असते, पण या कामाविषयींचें अज्ञानही असतें. हातांत कात्री देणें म्हणजे काय, हें एकदां नीट पाहिलें पाहिजे.

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगीं चार गुण असावे, असेंही तेथें म्हटलें आहे. ते म्हणजे उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं ममता आणि शुचिता. इतक्या प्राचीन काळीं परिचारकास वैद्याच्या बरोबरीनें चौथा हिस्सा देणाऱ्या या देशांत पुढें हेंच काम विटाळाचें मानलें जावें, ही खेदाची गोष्ट होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेसारख्या ठिकाणीं मिशनचीं रुग्णालयें निघालीं, तेव्हां या कामास प्रथम पुढें येणाऱ्या मुलींत ख्रिस्ती मुली बऱ्याच होत्या, त्याचें एक कारण हेंच. (मिरजेचें डॉ. वानलेस यांचें रुग्णालय १८९४ सालचें.) आज सर्व जातिधर्मांच्या मुली या कामांत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे.

आधुनिक शस्त्रक्रिया दोन शोधांवर उभी आहे. पहिला शोध भुलीचा. ता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानें एका रोग्यास ईथर हुंगविलें, आणि त्याच्या मानेवरील गांठीची शस्त्रक्रिया त्या गुंगींत पार पडली. त्यापूर्वीं रोग्यास माणसें धरून ठेवीत, आणि जितका चपळ तितका शस्त्रवैद्य चांगला, असें समजत. भुलीनें वेदना गेली. पण तिजबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि तिजकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. जागा रोगी “अहो, उजवा नव्हे, डावा पाय!” असें ओरडूं शकत होता. निजलेला रोगी तसें करूं शकत नाहीं. तो आपला सर्व देह परक्यांच्या स्वाधीन करून निजतो. अशा वेळीं त्याच्या वतीनें पाहणारें, मोजणारें, आणि प्रसंग पडल्यास त्याच्या वतीनें बोलणारें कोणी तरी त्या खोलींत असावें लागतें. शस्त्रक्रियागृहांतील परिचारिकेचें सारें काम या एका गरजेंतून निघालेलें आहे, असें आम्हांस वाटतें.

दुसरा शोध स्वच्छतेचा. १८४७ सालीं व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहांत सेमेलवाइस नांवाच्या डॉक्टरानें विद्यार्थ्यांस चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्यानें हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षीं एप्रिलमध्यें तेथें शंभरांतील सुमारें अठरा माता सूतिकाज्वरानें दगावत होत्या. कांहीं महिन्यांत हें प्रमाण शेंकडा दोनच्या आसपास आलें. तरी त्याचें म्हणणें पुष्कळांनीं ऐकलें नाहीं. पुढें ऑगस्ट १८६५ मध्यें ग्लासगो येथें गाडीचें चाक पायावरून जाऊन हाड मोडलेला एक अकरा वर्षांचा मुलगा जोसेफ लिस्टर यांच्याकडे आला. अशा उघड्या जखमा तेव्हां बहुधा सडत आणि पाय कापावा लागे. लिस्टर यांनीं कार्बोलिक अॅसिडांत भिजविलेली पट्टी बांधली; जखम सडली नाहीं आणि मुलगा कांहीं आठवड्यांत बरा झाला. लिस्टर यांनीं आपले प्रयोग १८६७ सालीं प्रसिद्ध केले. चरकानें सांगितलेल्या ‘शुचिता’ या शब्दाचा अर्थ तेव्हांपासून बदलला. डोळ्यांस स्वच्छ दिसणें पुरेसें नाहीं, जें दिसत नाहीं त्याचाही नाश झाला पाहिजे, हें लोकांस पटूं लागलें.

याच इतिहासांतील एक प्रकरण परिचारिकेच्या हातांचें आहे. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स हें रुग्णालय १८८९ सालीं उघडलें. तेथील शस्त्रक्रियागृहांत कॅरोलिन हॅम्प्टन ही मुख्य परिचारिका होती. जंतुनाशासाठीं पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणांत हात पुनःपुन्हां बुडवावे लागत, त्यामुळें तिच्या हातांची कातडी फुटून पुरळ उठूं लागलें. काम सोडण्याची वेळ आली. तेव्हां तेथील शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनीं गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठीं पातळ रबराचे हातमोजे करवून घेतले. त्यांचा हेतु इतकाच कीं, तिचे हात वांचावे. मोज्यांमुळें रोग्याच्या जखमेंतही जंतु जात नाहींत आणि जखमा कमी चिघळतात, हें पुढें कांहीं वर्षांनीं ध्यानांत आलें, आणि मग सर्वच डॉक्टर ते घालूं लागले. १८९० सालीं कॅरोलिननें हॉल्स्टेड यांच्याशीं विवाह करून परिचर्येचें काम सोडलें. तिचे हातमोजे मात्र जगभर राहिले. आज जगांतील कोणत्याही शस्त्रक्रियागृहांत कोणी हातमोजा चढवितो, तेव्हां तो एका परिचारिकेच्या दुखऱ्या हातांसाठीं शिवलेल्या वस्तूचा वंशज चढवीत असतो, हें फार थोड्यांस ठाऊक असेल.

आतां प्रत्यक्ष दिवसाकडे वळूं. पहिली शस्त्रक्रिया सकाळीं आठ-नऊ वाजतां असली, तर परिचारिकेचा दिवस त्याच्या पुष्कळ आधीं सुरू होतो. टेबल, दिवे, ट्रॉल्या, जमीन हीं सर्व ओल्या फडक्यानें पुसून घ्यावयाचीं. कोरड्या फडक्यानें झटकल्यास धूळ हवेंत उडते, म्हणून ती मनाई. प्राणवायूची नळी, रक्त ओढून घेण्याचें यंत्र, दिवा, टेबल वरखालीं करण्याची कळ, सर्व चालवून पाहावयाचें. नंतर आदल्या दिवशीं निर्जंतुक केलेले हत्यारांचे व कापडांचे गठ्ठे काढून तपासावयाचे.

निर्जंतुक करण्याचें यंत्र, ज्यास ऑटोक्लेव्ह म्हणतात, तें आमच्या विद्यार्थ्यांस समजण्यास कठीण नाहीं, कारण त्याचा धाकटा भाऊ प्रत्येकाच्या घरीं आहे. तो म्हणजे प्रेशर कुकर. उघड्या पातेल्यांतील पाणी शंभर अंशांस उकळतें व तेथेंच थांबतें. शंभर अंशांस पुष्कळ जंतु मरतात. पण धनुर्वातासारख्या रोगांच्या जंतूंचीं बीजें इतकीं चिवट असतात कीं, साध्या उकळण्यानें त्यांचा भरंवसा धरतां येत नाहीं. वाफ कोंडून दाब वाढविला, कीं उष्णता १२१ अंश सेल्सियसपर्यंत चढते. दर चौरस इंचास सुमारें पंधरा पौंड अधिक दाब आणि गुंडाळलेल्या गठ्ठ्यांसाठीं सुमारें अर्धा तास, असें साधारण मान आहे. गठ्ठ्यावर एक पट्टी चिकटविलेली असते, तिजवरील फिकट रेघा उष्णतेनें काळ्या पडतात. नवशिकी मुलगी काळ्या रेघा पाहून निश्चिंत होते. अनुभवी परिचारिका तिला सांगते कीं, ही पट्टी गठ्ठा तापल्याचें सांगते, आंतील सर्व जंतु मेल्याचें सांगत नाहीं. त्यासाठीं उष्णतेस सहजीं दाद न देणारे निरुपद्रवी जंतु एका कुपींत घालून यंत्रांत ठेवितात, आणि ते मेले कीं नाहीं, तें ठराविक दिवशीं पाहतात. गठ्ठा ओला निघाला, कोपरा फाटलेला दिसला, वा तारीख उलटून गेलेली असली, तर तो बाजूस काढावयाचा. “चालेल एवढ्या वेळीं” हे शब्द त्या खोलींत चालत नाहींत.

शस्त्रक्रियेच्या वेळीं परिचारिकांचीं दोन कामें वेगळीं होतात. एक ‘स्क्रब सिस्टर’, म्हणजे हात निर्जंतुक करून डॉक्टरांच्या समोर वा शेजारीं उभी राहणारी. आणि दुसरी ‘फ्लोअर सिस्टर’, म्हणजे खोलींत हिंडून लागेल तें पुरविणारी. पहिली कोणत्याही निर्जंतुक नसलेल्या वस्तूस शिवत नाहीं, आणि दुसरी कोणत्याही निर्जंतुक वस्तूस शिवत नाहीं. या दोघींच्या मध्यें एक रेघ आहे. ती डोळ्यांस दिसत नाहीं, पण खोलींतील प्रत्येकास ठाऊक असते.

स्क्रब सिस्टर हात धुते, तो प्रकार पाहण्यासारखा असतो. नखें कापलेलीं, अंगठी-बांगडी-घड्याळ काढलेलें. बोटांच्या टोंकांपासून आरंभ करून, प्रत्येक बोटाच्या चारी बाजू, तळहात, मनगट, आणि मग कोपरापर्यंत. हात नेहमीं कोपरांहून उंच धरावयाचे, म्हणजे पाणी कोपराकडे ओघळतें आणि मळकें पाणी बोटांकडे परत येत नाहीं. नंतर निर्जंतुक फडक्यानें पुसून, झगा आंतून धरून अंगांत घालावयाचा आणि हातमोजे असे चढवावयाचे कीं, उघड्या बोटांचा त्यांच्या बाहेरील अंगास स्पर्श होऊं नये. इतकें झाल्यावरही तिचा सगळा झगा निर्जंतुक मानीत नाहींत. छातीपासून कमरेपर्यंतची पुढची बाजू व बाह्या, एवढाच भाग खरा, पाठ नव्हे. म्हणून ती हात पोटासमोर धरून उभी राहते, हात खालीं सोडीत नाहीं, आणि दुसऱ्या निर्जंतुक माणसाजवळून जावयाचें झाल्यास समोरासमोर किंवा पाठीस पाठ करून जाते. चार तास असें उभें राहून पाहावें! नाकास खाज सुटली तरी हात वर नेतां येत नाहीं.

झगे हिरवे किंवा निळे कां, असा प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्यानें वर्गांत विचारला होता. त्याचें उत्तर प्रत्येकास स्वतः पाहतां येईल. तांबड्या कागदाच्या तुकड्याकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे पाहा. भिंतीवर हिरवट-निळसर डाग तरंगूं लागेल. रक्ताकडे तासन्‌तास पाहणाऱ्या डोळ्यांस पांढऱ्या झग्यावर तसेच डाग दिसत आणि दिव्याचा झगझगाटही बोंचे. हिरव्या रंगावर ते डाग लपतात आणि डोळ्यांस विसांवा मिळतो.

रोगी आंत येतो, तेव्हांचा काळ आमच्या मतें सर्वांत नाजूक. त्याचें नांव, गांव, कोणती शस्त्रक्रिया, कोणती बाजू, हें सर्व कागदावर असतांही परिचारिका तें त्याच्याच तोंडून वदवून घेते. “तुम्ही रामभाऊ ना?” असें ती विचारीत नाहीं, कारण घाबरलेला मनुष्य कशासही ‘हो’ म्हणतो. “तुमचें नांव काय, दादा?” असें ती विचारते. खेड्यांतील एखादी म्हातारी मंगळसूत्र काढावयास तयार नसते. विजेच्या कॉटरीनें रक्त थांबवितांना अंगावरील धातूमुळें कातडी भाजण्याचें भय असतें, आणि सुजलेल्या बोटांत अंगठी रुतते, हीं कारणें तिला कशीं पटावीं? तेथें अधिकाराचा आवाज उपयोगीं पडत नाहीं. “आजी, तुमच्या सुनेच्या हातांत मी स्वतः देतें, आणि तुम्ही जाग्या झालांत कीं तीच तुमच्या गळ्यांत घालील,” असें म्हणून तें एका पुरचुंडींत बांधून, नोंद करून, सुनेच्या हवालीं करणारी परिचारिका आम्हीं पाहिली आहे. तेवढ्यानें म्हातारीचा थरकांप थांबला. कमरेंत सुई देऊन नुसतें खालचें अंग बधिर केलेलें असतें, तेव्हां रोगी जागाच असतो. हत्यारांचा खणखणाट त्यास ऐकूं येतो. अशा वेळीं त्याच्या उशाशीं उभें राहून हात धरणें, हेंही परिचारिकेचें कामच आहे.

भूल दिल्यावर रोग्याचे हातपाय कसे ठेवावे, याचेंही शास्त्र आहे. डोक्याखालीं हात घेऊन निजल्यास आपल्या हातास मुंग्या येतात आणि आपण कूस बदलतों. भूल दिलेला मनुष्य कूस बदलूं शकत नाहीं. टेबलाच्या कडेवर कोपर दोन-तीन तास दाबलें गेलें, तर शीर दुखावून हात दुबळा होऊं शकतो. म्हणून कोपराखालीं, टांचेखालीं उशा द्याव्या लागतात. शस्त्रक्रिया पोटाची आणि दुखणें हाताचें, असें झाल्यास दोष कोणाचा?

आतां हत्यार देणें. नुसत्या आंतड्याच्या पुच्छाच्या शस्त्रक्रियेस, ज्यास अपेंडिक्सचें ऑपरेशन म्हणतात, त्यासही कितीतरी हत्यारें लागतात : कातडी कापण्याची सुरी, रक्तवाहिनी चिमटीत धरणारे आर्टरी फोर्सेप्स, जखमेच्या कडा बाजूस ओढणारे रिट्रॅक्टर, सुई धरणारा नीडल होल्डर, वेगवेगळ्या कात्र्या, निरनिराळे धागे. डॉक्टर मान वर करीत नाहींत. नुसता हात पुढें करितात. त्या हातांत योग्य हत्यार, मुठीच्या बाजूनें, तळहातावर नीट टेकेल असें पडलें पाहिजे, म्हणजे त्यांस तें फिरवून धरावें लागत नाहीं. सुरी मात्र हातांत न देतां किडनी ट्रेंत ठेवून पुढें करण्याची रीत चांगली, कारण दुसऱ्याच्या हातास कापल्यास रक्तांतून कावीळ वगैरे रोग जडण्याचें भय असतें. मागितल्यावर देणें हा पहिला धडा. मागण्यापूर्वीं ओळखणें ही खरी विद्या, आणि ती शरीररचना व शस्त्रक्रियेच्या पायऱ्या पाठ असल्यावांचून येत नाहीं. रक्ताची चिळकांडी उडाली, तर परिचारिका शब्दाची वाट पाहत नाहीं. वडिलांनीं विचारलेली ‘कात्री देणें’ ती हीच.

या संदर्भांत पुण्यास घडलेली एक ऐतिहासिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. येरवड्याच्या तुरुंगांत असतांना महात्मा गांधींस अपेंडिक्सचा विकार झाला, आणि ता. १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक या इंग्रज शस्त्रवैद्यानें त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. त्यांचे चरित्रकार लुई फिशर यांनीं लिहिलें आहे कीं, शस्त्रक्रिया चालूं असतांनाच वादळामुळें वीज गेली. तेथें तीन परिचारिका होत्या; त्यांपैकीं एकीनें विजेची बॅटरी धरली होती. थोड्या वेळानें तीही विझली, आणि शेवटीं कंदिलाच्या उजेडांत काम पुरें झालें. कर्नल मॅडॉक यांचें नांव इतिहासांत राहिलें. बॅटरी धरणारीचें नांव आम्हीं कोठें वाचलेलें नाहीं. सारा देश ज्याच्याकडे डोळे लावून बसला होता, त्या माणसाचें पोट उघडें असतां अंधार झाला, आणि त्या खोलींत गोंधळ न होतां काम पार पडलें, हें कांहीं एकट्या शस्त्रवैद्याच्या हातून झालें नसेल.

सर्वांत महत्त्वाचें काम अद्याप सांगावयाचें आहे. तें म्हणजे मोजणी. शस्त्रक्रियेंत रक्त टिपण्यासाठीं कापडाच्या घड्या वापरितात. मोठ्या घड्यांस आपल्याकडे मॉप म्हणतात. रक्तानें भिजलेला मॉप पोटांत आंतड्यांसारखाच दिसतो, आणि आंत राहिला तर रोग्याच्या जिवावर बेततें. म्हणून कापण्यापूर्वीं, पोट शिवण्यापूर्वीं आणि कातडी शिवण्यापूर्वीं सर्व मॉप, सुया व हत्यारें मोजावयाचीं. मोजणी दोघींनीं मिळून करावयाची, मोठ्यानें करावयाची, आणि प्रत्येक वस्तु दोघींनीं डोळ्यांनीं पाहावयाची. फ्लोअर सिस्टर आंकडा फळ्यावर लिहिते. मॉपांत एक विशेष दोरा विणलेला असतो, तो क्ष-किरणांच्या चित्रांत दिसतो. शेवटचा उपाय म्हणून त्याचा उपयोग होतो. मुलांस दुसरीतिसरींत शिकविलेली बेरीज येथें माणसाचा जीव राखते.

आमच्या शाळेंतून शिकून गेलेली एक मुलगी आज एका मोठ्या रुग्णालयांत या कामावर आहे. गणितांत ती कधीं पहिली आली नाहीं. तिनें सांगितलेली हकीकत अशी : पोटाची एक लांबलेली शस्त्रक्रिया संपत आली होती. फळ्यावर वीस मॉप लिहिलेले, परत आलेले एकोणीस. शस्त्रवैद्य वयानें व मानानें मोठे, सकाळपासून उभे, आणि बाहेर दुसरा रोगी थांबलेला. ते म्हणाले, “मी आंत नीट पाहिलें आहे. कांहीं नाहीं. धागा द्या.” तिनें धागा दिला नाहीं. “सर, एक मॉप कमी आहे,” एवढेंच ती म्हणाली. पुन्हां मोजणी झाली, पुन्हां एकोणीस. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग सरांनीं हात पुन्हां पोटांत घातला, आणि फ्लोअर सिस्टरनें टेबलाखालीं, चादरींच्या घड्यांत, पायाखालच्या पाटाच्या मागें शोध सुरू केला. बादलींतील मॉप एकेक उलगडून पाहतांना दोन मॉप रक्तानें एकमेकांस चिकटून एक झालेले निघाले. वीस भरले. म्हणजे सरांचें म्हणणें खरें होतें. पोटांत कांहीं नव्हतें. आम्हीं तिला विचारलें, “मग ते रागावले काय?” ती म्हणाली, “कांहीं बोलले नाहींत, सर. पुढच्या केसला मात्र धागा मागण्यापूर्वीं त्यांनींच विचारलें, ‘सिस्टर, मोजणी?’”

शुभवर्तमानांत दहा नाण्यांतील एक हरवलें म्हणून दिवा लावून घर झाडणाऱ्या बाईचा दृष्टांत आहे. लहानपणीं आम्हांस वाटे कीं, नऊ हातांत असतां एवढा खटाटोप कशासाठीं? ही हकीकत ऐकल्यावर त्या बाईविषयींचा आमचा आदर वाढला.

परंतु वयानें व अधिकारानें लहान असलेल्या मुलीनें मोठ्या डॉक्टरांस थांबविणें, ही गोष्ट प्रत्येक ठिकाणीं सोपी नसते. आपल्या समाजांत मोठ्यांपुढें बोलूं नये, हें आपण मुलींस घरीं व (कबूल केलें पाहिजे) शाळेंतही शिकवितों. त्याचा परिणाम अशा जागीं दिसतो. ही अडचण साऱ्या जगाची आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं एकोणीस बाबींची एक यादी तयार केली. भूल देण्यापूर्वीं, कापण्यापूर्वीं आणि रोगी खोलींतून बाहेर जाण्यापूर्वीं, असें तीन वेळां सर्वांनीं थांबावयाचें. प्रत्येकानें आपलें नांव व काम सांगावयाचें. रोग्याचें नांव, शस्त्रक्रिया व जागा मोठ्यानें म्हणावयाची. आणि अखेरीस मोजणी बरोबर आहे, हें परिचारिकेनें सर्वांदेखत सांगावयाचें. जगांतील आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत या यादीची परीक्षा घेण्यांत आली. त्यांत आपल्या देशांतील दिल्लीचें सेंट स्टीफन्स हें मिशनचें रुग्णालय होतें. जानेवारी २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यु शेंकडा १.५ वरून ०.८ वर आले, आणि मोठे उपद्रव शेंकडा ११ वरून ७ वर. औषध नवें नाहीं, यंत्र नवें नाहीं; थांबणें आणि बोलणें एवढेंच नवें. आपलें नांव एकदां मोठ्यानें उच्चारलेल्या माणसास पुढें शंका बोलून दाखविणें सोपें जातें, असें याचें एक कारण जाणते लोक सांगतात. वर्गांत हात वर करून “सर, फळ्यावरची बेरीज चुकली” असें म्हणणाऱ्या मुलीस आम्हीं शिक्षकांनीं गप्प बसवूं नये, हा आमच्यासाठीं त्यांतील धडा.

आणखी एक गोष्ट यादींत मावत नाहीं. कल्पना करा : परिचारिकेचा हातमोजा पाठीमागच्या निर्जंतुक नसलेल्या ट्रॉलीस किंचित लागला. कोणीं पाहिलें नाहीं. रोगी निजलेला आहे, डॉक्टर जखमेंत पाहत आहेत. ती न बोलली, तर कदाचित् कांहींच होणार नाहीं; झालेंच तर आठ दिवसांनीं जखम चिघळेल आणि कारण कोणासही कळणार नाहीं. तिनें तेथल्या तेथें “माझा मोजा बदला” म्हणावें, अशी शिस्त आहे. दिवसांतून किती वेळां असा प्रसंग येत असेल, आणि त्याची नोंद कोठें होत असेल?

या कामाची दुसरी बाजू पालकांपासून लपवूं नये. पाय सुजतात, कंबर दुखते. जेवणाची वेळ ठरलेली नसते. रात्रीं दोन वाजतां अडलेल्या बाळंतिणीस आणलें, कीं कांहीं मिनिटांत सर्व सज्ज करावें लागतें. सुई टोंचण्याचें भय असतें. यकृताच्या ‘ब’ काविळीवर लस आहे, ती प्रत्येकीनें आरंभींच घ्यावी. कित्येक खाजगी रुग्णालयांत वेतन कामाच्या मानानें तुटपुंजें असतें, हें आम्हांस खटकतें, आणि त्याविषयीं बोलण्याचें काम मुलींवर न टाकतां समाजानें करावें, असें वाटतें. बारावीनंतर साडेतीन नव्हे, तीन वर्षांचा पदविकेचा किंवा चार वर्षांचा पदवीचा अभ्यासक्रम असतो. तो मुलांसही खुला आहे, आणि पुढें या एकाच शाखेचें विशेष शिक्षणही घेतां येतें. ज्यांस एकाग्रता आहे, ज्यांस आपली चूक चटकन् बोलून दाखवितां येते, आणि ज्यांस नांवाची फार हांव नाहीं, त्यांनीं याचा अवश्य विचार करावा. ज्यांस रक्त पाहून पहिल्या दिवशीं घेरी येते त्यांनीं घाबरूं नये. पुष्कळांस येते, आणि पुष्कळांची जाते.

शेवटची शस्त्रक्रिया संपून रोगी बाहेर गेला, म्हणजे बाहेरचा तांबडा दिवा विझतो आणि आप्त त्याच्या खाटेमागें निघून जातात. आंत मात्र काम चालूं असतें. काढलेली गांठ बाटलींत घालून तिजवर रोग्याचें नांव, क्रमांक, तारीख लिहावयाची, आणि तें दुसरीस दाखवून घ्यावयाचें. हत्यारांचे सांधे उघडून, आंतील रक्त ब्रशानें काढून तीं धुवावयाचीं. रक्त वाळलें तर वाफही आंतपर्यंत पोंचत नाहीं. कात्रीची धार, फोर्सेप्सची पकड पाहावयाची, आणि यादीप्रमाणें मोजून तीं पुन्हां ताटांत लावावयाचीं. जमीन धुतली जाते. रात्रपाळीची सिस्टर येते. तिला किल्ल्या आणि वही दिली जाते. सर्वांत शेवटीं प्रसूतीच्या शस्त्रक्रियेचा एक गठ्ठा, तारीख पाहून, दाराजवळच्या ट्रॉलीवर हाताशीं येईल असा ठेवितात, कारण रात्रीं कोण येईल तें सांगतां येत नाहीं.